लिहून घर चालवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिरजेत राहते आणि गेली एकोणीस वर्षं लिहिण्यावर जगते. कथा लिहिते, भाषांतरं करते, लोकांच्या आठवणींचं शब्दांकन करते, संस्थांच्या स्मरणिका काढून देते. मध्यंतरी काही महिने मालिकेचे संवादही लिहिले. व्याख्यानानंतर, फोनवर, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांकडून मला तेच ते प्रश्न येतात. विचारणारा मनापासून विचारत असतो आणि उत्तर मात्र घाईत दिलं जातं. म्हणून ती उत्तरं इथे सवडीने लिहून ठेवते आहे. यातले पैशांचे आकडे माझ्या वहीतले आहेत, दुसऱ्या कुणाच्या वहीत ते वेगळे निघतील.

नुसत्या लिहिण्यावर घर चालतं का?

चालतं. कथांवर चालत नाही.

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. गल्ल्याशेजारी त्यांची उधारीची लाल वही असायची आणि रात्री दुकान बंद करण्याआधी ती लिहिल्याशिवाय ते जेवायला बसत नसत. तशीच वही मी ठेवते. प्रत्येक कामाला एक पान असतं. काम कुणी सांगितलं, किती शब्दांचं, काय ठरलं, कधी दिलं, पैसे कधी आले, हे त्यावर लिहिलेलं असतं. गेल्या वर्षी मिळालेल्या दर शंभर रुपयांतले पंचेचाळीस भाषांतराचे होते, पंचवीस शब्दांकन आणि स्मरणिकांचे, पंधरा संपादन आणि मुद्रितशोधनाचे, आठ व्याख्यानं आणि स्पर्धांच्या परीक्षणाचे. उरलेले सात कथांचे आणि पुस्तकांचे. वेळ मात्र सगळ्यात जास्त कथांनाच गेला.

हे गणित मला ठाऊक आहे आणि ते मी समजून-उमजून मांडलेलं आहे. पंचेचाळीस रुपयांचं काम सात रुपयांच्या कामाला वेळ मिळवून देतं. सुरुवातीची सहा वर्षं घरभाडं आणि किराणा नवऱ्याच्या पगारातून भागत होता, हेही सांगायला हवं. लेखकाच्या मुलाखतीत हा भाग सहसा वगळला जातो आणि तो ऐकून कुणीतरी विशीतला मुलगा नोकरी सोडतो. सहा महिन्यांचा खर्च बँकेत असल्याशिवाय नोकरी सोडू नका.

काम वर्षभर सारखं असतं का?

अजिबात नसतं. मराठी लेखकाचं वर्ष दिवाळी अंकाभोवती फिरतं. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली. आजही अंक शेकड्यांनी निघतात. एवढं कथा-लेखांचं साहित्य एका सणासाठी दरवर्षी मागवलं जातं, ही आपल्या भाषेची मोठी मिळकत आहे असं मी मानते. माझ्यासारखीची पहिली कथा अशाच एका अंकात छापली गेली.

पण या परंपरेमुळे वर्ष एका बाजूला कलतं. मे महिन्यात संपादकांचे फोन सुरू होतात: “ताई, यंदा कथा द्याल ना?” आषाढात लिहायचं, श्रावणात द्यायचं, गणपतीत प्रुफं बघायची. नवरात्रात अंक छापखान्यात असतो आणि वसुबारसेला वाचकाच्या हातात. नेमक्या याच दिवसांत पतसंस्था आणि दूध संघ यांच्या वार्षिक सभांचे अहवाल येऊन आदळतात, कारण त्या सभा सप्टेंबरअखेर उरकायच्या असतात. जुलै ते सप्टेंबर मी पहाटे चारला उठते. दिवाळीनंतर वाचकांचे फोन, डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सुवर्ण आणि अमृत महोत्सवांच्या स्मरणिका. मग एप्रिल येतो, आणि फोन वाजतच नाही.

पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत मला वाटलं होतं, आपलं संपलं. आता वही मागे उलटून बघते. प्रत्येक वर्षी एप्रिलचं पान रिकामंच असतं. ते बघितल्यावर झोप लागते. एप्रिलसाठी दिवाळीतच पैसे बाजूला काढायचे असतात, एवढाच त्यावर उपाय आहे.

दिवाळी अंकातल्या कथेला मानधन किती मिळतं?

मला पाचशेपासून चार हजारांपर्यंत मिळालं आहे. काही ठिकाणी नुसता अंक मिळाला. जाहिराती मिळवण्यासाठी उन्हात फिरणारे, कमी पडले तर स्वतःच्या पगारातून भर घालणारे संपादक मी जवळून पाहिले आहेत. “मानधन देता येणार नाही, पण कथा हवी आहे,” असं कुणी आधीच सांगितलं तर मी वर्षातून एक कथा तशी देते आणि मनापासून देते.

राग येतो तो दुसऱ्या प्रकाराचा. एका अंकाने माझी कथा छापली, कळवलं नाही, अंक पाठवला नाही. मला ती सांगलीच्या एका वाचनालयात चाळताना दिसली. तीन फोन केल्यावर उत्तर मिळालं, “तुमचं नाव झालं ना?” कथेचा शेवटचा परिच्छेदही जागा पुरली नाही म्हणून कापला होता. पैसे गेल्याचं दुःख चार दिवसांत ओसरलं. तो परिच्छेद अजून आठवतो.

पैसे मागायला संकोच वाटतो. कसं विचारायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्या बायका असतात.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. पंढरपूरकडून आलेले भोपळे तिथे दुकानांत टांगलेले दिसतात. ते कापायचे, वाळवायचे, त्यांना तुणाच्या लाकडाची दांडी जोडायची, मग नक्षी, पॉलिश आणि शेवटी जवारी, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज जुळवणं. तिथल्या एका वयस्कर कारागिराकडे मी एका लेखासाठी आठवडाभर बसले होते. गिऱ्हाईक आलं की चाचा वाद्य हातात देत, वाजवून घ्यायला सांगत, आणि तार थांबली की किंमत सांगत. कमी होईल का असं विचारलं तर “नाही, साहेब” म्हणत आणि हातातल्या कामाकडे वळत. त्या आवाजात गुर्मी नव्हती, लाजही नव्हती. मी त्या वेळी माझ्या लेखाचे किती मिळणार हेसुद्धा संपादकांना विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यानंतर मी एक वाक्य पाठ केलं: “काम मला आवडेल. शब्द किती, कधी हवं आणि मानधन किती, हे मेसेजवर कळवाल का?” बस्स. कारणं द्यायची नाहीत, घरची परिस्थिती सांगायची नाही. आकडा समोरच्याने आधी सांगितला तर उत्तम. तुम्हाला विचारला तर तुमचा आकडा सांगा आणि गप्प राहा. ती शांतता सुरुवातीला सहन होत नाही आणि आपण आपणच आकडा उतरवतो. तेवढं टाळा.

वसुलीचं वडिलांकडून शिकले. ते उधारी मागायला जायचे तेव्हा आवाज चढवत नसत, पण तारीख चुकवत नसत. ठरलेल्या दिवशी माझाही मेसेज जातो. आठ दिवसांनी दुसरा, मग फोन. भाषांतराचं मोठं काम असेल तर एक तृतीयांश आधी घेते. आगाऊ द्यायला जो कां-कू करतो, तो नंतरही करतो, असा माझा अनुभव आहे.

पुस्तकाचे किती मिळतात?

साधा हिशोब मांडू. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची, रॉयल्टी छापील किमतीच्या दहा टक्के. एका प्रतीमागे ३० रुपये. सगळ्या प्रती विकल्या तर ३०,०००. माझ्या दुसऱ्या कथासंग्रहाची आवृत्ती संपायला पाच वर्षं लागली, म्हणजे वर्षाला सरासरी सहा हजार. आणि हा संग्रह बरा खपला असं माझे प्रकाशक म्हणतात.

रॉयल्टी छापील किमतीवर आहे की सूट वजा करून उरलेल्या रकमेवर, हे आधी विचारा. विक्रेत्याला आणि वितरकाला द्यायची सूट मोठी असते, त्यामुळे “दहा टक्के” या दोन शब्दांत बरंच काही लपू शकतं. कथा-कवितांच्या विक्रीत सार्वजनिक ग्रंथालयांचा मोठा आधार असतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली गावोगावची वाचनालयं शासनाच्या अनुदानातून पुस्तकं घेतात. अनुदान लांबलं की त्यांची खरेदी लांबते आणि तुमचं पुस्तक प्रकाशकाच्या गोदामात पडून राहतं. पुस्तक पडून आहे म्हणजे ते वाईट आहे असा अर्थ लगेच काढू नका.

प्रकाशकाने छपाईचा खर्च मागितला तर द्यावा का?

स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही, पण त्याला त्याच नावाने ओळखा. पैसे तुमचे असतील तर प्रतीही तुमच्या असायला हव्यात आणि किती छापल्या त्याचं बिल तुमच्याकडे हवं. माझ्या ओळखीतल्या एका कवयित्रीने पाटल्या मोडून पैसे दिले. पाचशे प्रती ठरल्या होत्या, हातात दीडशे आल्या. पैसे देण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. पहिल्या पुस्तकासाठीच ती आहे. पुस्तकाची ओळख म्हणून छापला जाणारा आयएसबीएन क्रमांक भारतात फुकट मिळतो. त्याचे वेगळे पैसे कुणी लावत असेल तर का, ते विचारा.

करारात काय बघायचं?

आधी करार आहे का, ते बघा. तोंडी शब्दावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकं निघाली आणि कित्येक प्रकाशकांनी तो शब्द पाळलाही. पण माणसं जातात, मुलं धंदा विकतात, आणि मग लेखकाच्या बायकोला किंवा नातवाला कुणी विचारत नाही.

१९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बऱ्याच गोष्टी सांगतो आणि त्या फार थोड्या लेखकांनी वाचलेल्या असतात. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास, तो संपतो. म्हणजे दिवाळी अंकात कथा छापली गेली म्हणून ती अंकाच्या मालकीची होत नाही. तुम्ही लिहून दिलं नसेल तर ती तुमचीच आहे. हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. त्यासाठी नोंदणी करावीच लागते असंही नाही.

“सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी” ही ओळ दिसली की पेन खाली ठेवा. ऑडिओबुक, ई-बुक, भाषांतर, चित्रपट-मालिका, यातला प्रत्येक हक्क वेगळा लिहून घ्या. छापील पुस्तकाचा करार करताना ऑडिओचे हक्क मी सहज देऊन टाकले होते, कारण तेव्हा मराठीत ऑडिओबुक कोण ऐकणार असं वाटायचं. आज ट्रकमध्ये, स्वयंपाकघरात, अमेरिकेतल्या घरांत लोक मराठी पुस्तकं ऐकतात. माझ्या त्या एका सहीचं मोल मी आजवर मोजते आहे.

कथा साभार परत आली तर काय करता?

पूर्वी आपणच तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेलं पाकीट कथेबरोबर जोडायचो आणि महिन्या-दोन महिन्यांनी आपलंच अक्षर आपल्या दारात परत यायचं. पोस्टमनच्या हातात ते जाड पाकीट लांबून दिसलं तरी पोटात कालवायचं. तरी त्या पाकिटात कधी कधी संपादकाच्या दोन ओळी असत. “शेवट घाईत झाला आहे” एवढीच एक ओळ मला एकदा आली होती. ती मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. त्या ओळीने माझ्या पुढच्या दहा कथा सुधारल्या.

आता मेल जातो आणि काहीच येत नाही. नकार नाही, होकार नाही. नव्या मुलांना याचा त्रास आमच्यापेक्षा जास्त होतो असं मला वाटतं. नकार आला तर माणूस दुसरीकडे वळतो, गप्प बसलेल्या दाराशी ताटकळत राहतो. मी तीन महिने थांबते, मग “कथा दुसरीकडे पाठवते आहे” असं कळवून पाठवून देते. एकाच वेळी दोन अंकांना एकच कथा मात्र देऊ नका. दोन्हीकडे छापली गेली तर दोन्ही दारं बंद होतात.

आणि नकार आल्याच्या दिवशी कथा उघडू नका. मी त्या दिवशी भाजी निवडते, बँकेची कामं करते. आठवड्याने वाचली की तीनपैकी एक गोष्ट दिसते: संपादकाचं बरोबर होतं, किंवा कथा त्या अंकाची नव्हती, किंवा कथेत काही बिघडलेलं नाही आणि ती तशीच पुढे पाठवायची आहे.

सुचत नाही तेव्हा?

भाषांतर करते. दुसऱ्याचं वाक्य मराठीत आणताना आपल्या क्रियापदांवरचा गंज निघतो. तेही होत नसेल तर पाठकोऱ्या कागदांवर हाताने लिहिते. पाठकोरा कागद आधीच एका बाजूने वापरलेला असतो, त्याची भीती वाटत नाही.

एकदा मात्र अकरा महिने एकही कथा झाली नाही. आई गेली होती. तेव्हा कुठलाच उपाय चालला नाही आणि मी उपाय शोधणं सोडलं. त्या अकरा महिन्यांत कामाची पानं मात्र वहीत नियमित भरत होती, अहवाल, भाषांतरं, जाहिराती. त्या कामांनी मला सांभाळलं. पोटासाठी केलेलं लिखाण हलकं, असं कुणी म्हणालं की मला ते वर्ष आठवतं आणि मी वाद घालते.

दुसऱ्याचं आत्मचरित्र लिहून देताना स्वतःचं नाव नसतं. वाईट वाटत नाही?

नाही. हे काम माझ्या सगळ्या कामांत मला सर्वांत जवळचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका कुटुंबाने आजोबांच्या आठवणी लिहून द्यायला मला बोलावलं. घरच्यांसाठी शंभर प्रती छापायच्या होत्या. आजोबा पूर्वीच्या मिरज-पंढरपूर नॅरोगेजवर इंजिन ड्रायव्हर होते. पहिल्या तीन बैठकांत ते फक्त बदल्या, बढत्या आणि साहेबांची नावं सांगत होते. मी लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, यात माणूस कुठे आहे? चौथ्या दिवशी ते वारीच्या गर्दीबद्दल बोलत होते, “गाडी भरून जायची” एवढंच म्हणाले, आणि स्वयंपाकघरातून आजी म्हणाल्या, “आणि परत आल्यावर अंगावरची कोळशाची पूड उतरवायला दोन बादल्या पाणी लागायचं, ते सांगा की. पाणी मी आणत होते आडावरनं.” आजोबा थांबले. मग म्हणाले, “हे लिहायचं असतं का?”

त्या दिवसापासून आजींसाठी बाहेरच्या खोलीत दुसरी खुर्ची आली. पुस्तकाचा सगळा जीव त्या खुर्चीतून आला. बावीस तासांचं ध्वनिमुद्रण झालं, त्याचं लिप्यंतर करायला तीन आठवडे गेले. आजोबांची मिरजेकडची बोली मी तशीच ठेवली, फक्त वाक्यं पुरी केली. पुस्तक हातात आल्यावर आजींनी स्वतःचं नाव छापलेलं पान बोटाने तीनदा गिरवलं. आतल्या पानावर ‘शब्दांकन’ असं लिहून माझंही नाव होतं. ते मी आधी ठरवून घेते. पैसे कमी-जास्त चालतील, तेवढी ओळ मात्र मी सोडत नाही.

शब्दांकनाचे पैसे पानांवर ठरवू नका, टप्प्यांवर ठरवा: बैठका, पहिला खर्डा, दुरुस्त्या. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, असं लिहून घ्या. नाहीतर सुनेला एक प्रकरण नको असतं, मुलाला दुसरं, आणि वर्ष सरतं.

मालिकेत पैसे चांगले मिळतात म्हणे?

मिळतात, माझ्या बाकीच्या कामांच्या मानाने खूपच. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी वाटणी असते. मी संवाद लिहीत होते. दुपारी पटकथा यायची, रात्रीपर्यंत सीन द्यायचे. चित्रीकरण झालेल्या भागांची बँक हाताशी असली तर श्वास घेता येतो. ती संपली की आज लिहिलेलं परवा दिसतं. कलाकार आजारी पडला की सकाळी सातला फोन: “ताई, सीनमधून मामांना काढा.” मिरजेहून मीटिंगसाठी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची आणि संध्याकाळी परत निघायचं.

सात महिन्यांत मी बोलकं वाक्य लिहायला शिकले, जे त्याआधी बारा वर्षांत जमलं नव्हतं. त्याच सात महिन्यांत माझी एकही कथा झाली नाही आणि पाठीचं दुखणं लागलं. पैसे भाग प्रसारित झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी येतात, तोवरचा खर्च हाताशी हवा. स्वतःची कथाकल्पना कुणाला ऐकवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये तिची नोंद करा. ती ऑनलाइन होते.

टाइप कशात करायचं?

युनिकोडमध्ये. मात्र अनेक छापखान्यांत आणि डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याचं काम, करणाऱ्यांकडे अजून श्रीलिपी हे वेगळ्या फाँटचं सॉफ्टवेअर वापरतात, आणि तुमची फाइल तिकडे जाताना बदलली जाते. त्या बदलात जोडाक्षरं तुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, ‘दुसऱ्या’तला ऱ्य मोडतो. म्हणून अंतिम प्रूफ पीडीएफवर स्वतः बघायचा हट्ट धरा, आणि छापून घेऊन कागदावर बघा. पडद्यावर न दिसलेल्या चुका कागदावर दिसतात.

कर भरावा लागतो का?

उत्पन्न मर्यादेवर गेलं तर भरावा लागतोच. एकाच संस्थेकडून वर्षात ठरावीक रकमेपेक्षा जास्त मिळालं की ते दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, वजा करून पैसे देतात. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून तीस हजारांवरून पन्नास हजार झाली. कापलेले पैसे विवरणपत्र भरलं तर परत मिळू शकतात, म्हणून उत्पन्न कमी असलं तरी ते भरा. माझे पहिल्या चार वर्षांतले पैसे केवळ आळसाने गेले. साहित्यिक पुस्तकांच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावटीची तरतूद जुन्या करप्रणालीत आहे, नव्या प्रणालीत नाही. अंकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या मानधनाला ती लागू नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सीएला क्रमांक न सांगता “लेखकाच्या रॉयल्टीची वजावट” असंच म्हणा.

कार्यक्रमाला बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, पैसे देत नाहीत. जायचं का?

शाळा आणि वाचनालय असेल तर मी जाते, प्रवासखर्चही मागत नाही. ज्या कार्यक्रमात मांडववाल्याला, ध्वनिक्षेपकवाल्याला आणि जेवणवाल्याला पैसे मिळतात तिथे वक्त्यालाही मिळाले पाहिजेत, हे मी फोनवरच सांगते. घरात अठ्ठावीस शाली झाल्या होत्या. गेल्या थंडीत त्यातल्या वीस स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना दिल्या.

एआयमुळे तुमचं काम गेलं का?

थोडं गेलं, बरंचसं बदललं. माहितीपत्रकं आणि सूचनांची भाषांतरं आता यंत्राकडून होऊन येतात आणि “फक्त नजर टाका” असं सांगून निम्म्याहून कमी दर देऊ करतात. अशी नजर टाकायला मला मूळ भाषांतराइतकाच वेळ लागतो, कारण वाक्य वरवर बरोबर दिसतं आणि मराठी मात्र नसतं. मी आता अशा कामाचे शब्दांवर पैसे घेत नाही, तासांवर घेते. दोन गिऱ्हाइकं त्यावरून गेली, तीन राहिली. शब्दांकनाचं काम मात्र वाढलं. आजींना बाहेरच्या खोलीत बोलवायला अजून माणूसच लागतो.

घरीच असता, मग वेळ भरपूर असेल ना?

दुपारी अकरा ते तीन माझं दार लावलेलं असतं. सासूबाईंना ते पटायला दोन वर्षं लागली. आता कुणी आलं तर त्याच सांगतात, “ती कामावर आहे.”

सगळ्यात चांगला दिवस कुठला?

जतजवळच्या एका गावातून एका मुलीचा फोन आला होता. वाचनालयातल्या जुन्या दिवाळी अंकात तिने माझी कथा वाचली होती, आठ वर्षांपूर्वीची. त्या अंकाने मला सातशे रुपये दिले होते. कथेतली बाई शेवटी घरातून निघते की थांबते, हे मी लिहिलेलं नव्हतं. मुलीने विचारलं, “ती गेली का हो पुढे?” मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, “गेलीच असणार. तिने चपला आत ठेवल्या नव्हत्या.” चपलांचं ते वाक्य मी लिहिलं होतं हे मला आठवतही नव्हतं. फोन ठेवल्यावर मी वहीतलं ते सातशे रुपयांचं पान काढलं आणि त्याच्या समासात ‘चपला’ असं लिहून ठेवलं.

माझी कथा तुम्हाला वाचायला पाठवू का?

पाठवा. एका वेळी एकच, पूर्ण झालेली, युनिकोडमध्ये, तीन हजार शब्दांच्या आत. दिवाळी ते होळी या दिवसांत पाठवलीत तर नीट वाचता येईल. जुलै ते सप्टेंबर कृपा करून नको. प्रकाशकांशी ओळख करून देणं मला जमत नाही, पण कथेबद्दल जे वाटेल ते स्पष्ट लिहीन. वेळ लागेल, महिनाही लागेल. उत्तर मात्र येईल.